मूल दुचाकीवर केव्हा बसवायचं? गोव्याच्या वाहतूक संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक,
वाहतूक खाते, गोवा सरकार, पणजी.

महोदय,

दुचाकीवर लहान मुलांना कसं न्यावं याचा नियम केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 रोजी काढला. तयारीला एक वर्ष दिलं. 2023 च्या फेब्रुवारीपासून तो देशभर, म्हणजे गोव्यातही, लागू आहे. लागू आहे असं कागद म्हणतो. मी सत्तरी तालुक्यात राहते. वाळपई, होंडा, साखळी, डिचोली एवढा माझा नेहमीचा फिरण्याचा टापू. या रस्त्यांवर तो नियम पाळणारं एकही घर मला अजून दिसलेलं नाही, आणि तो मोडला म्हणून कुणाला तालांव, म्हणजे दंडाची पावती, मिळाल्याचंही कानावर आलेलं नाही. लोकांना मी यात फारसा दोष देत नाही. कुणी सांगितलाच नाही तो नियम पाळायचा कसा? म्हणून पत्र आपल्या नावे आहे, पण ते प्रत्येक स्कूटरवाल्या घराने वाचावं अशी इच्छा आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मराठी शाळांत शिकवलं. शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहणं हे आमच्या कामातच धरलेलं असायचं, त्यामुळे कुठलं मूल कशावर बसून घरी जातं हे मी एक पिढीभर पाहिलं. आधी सगळी चालत जायची. मग काही सायकलच्या दांडीवर, मग बापाच्या मोटारसायकलच्या टाकीवर, आणि शेवटी आयांच्या स्कूटरवर. ज्यांना मी अक्षर गिरवायला शिकवलं त्याच मुली पुढे आपल्या मुलांना घेऊन स्कूटरवरून फाटकाशी येऊ लागल्या. स्कूटरने सत्तरीतल्या बाईला किती मोकळं केलं हे मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे या पत्रात दुचाकीविरुद्ध एक शब्दही सापडणार नाही.

आता माझी नात साडेतीन वर्षांची आहे. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचं आहे. बालवाडी घरापासून चालत जाण्याजोगी नाही. मुलगा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, सून साखळीला नोकरीला. मध्यंतरी सुनेने विचारलं, "आई, हिला स्कूटरवर एकटीला कधीपासून न्यायची? तुम्ही एवढी मुलं बघितलीत, तुम्हीच सांगा." मुलांविषयीच्या बहुतेक प्रश्नांवर माझं उत्तर तयार असतं, निदान मत तरी असतंच. यावर नव्हतं. म्हणून कायदा काय म्हणतो ते काढून वाचलं, आणि वाचल्यावर माझं समाधान व्हायच्या ऐवजी राग वाढला.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा एक कार्यक्रम झाला, त्यात बक्षिसं द्यायला मला बोलावलं होतं. मुलांनी चित्रं फार छान काढली होती. हेल्मेट घातलेला एक हत्ती होता, त्याला पहिला नंबर मिळाला. भाषणं झाली. नंतर मी मार्गदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना विचारलं, चार वर्षांखालच्या मुलाला बांधायचा पट्टा गोव्यात कुठे मिळतो? त्यांनी मलाच विचारलं, "कसला पट्टा, बाई?" माणूस भला होता. चहाच्या वेळी त्यांनी नियमाचा क्रमांक माझ्याकडून लिहून घेतला. कार्यक्रम संपला आणि हत्ती काढणारा मुलगा बापाच्या स्कूटरवर पुढे उभा राहून, उघड्या डोक्याने, दोन्ही हातांत बक्षिसाचा डबा धरून घरी गेला. पाहुण्यांनी त्याला कौतुकाने हात केला.

तो नियम काय आहे ते आधी साध्या भाषेत लिहिते, कारण तेवढंही कुणी केलेलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, त्यातला 138 वा नियम, सातवा पोटनियम. चार वर्षांखालचं मूल मागे बसवून न्यायचं असेल तर ते चालवणाऱ्याशी पट्ट्याने बांधलेलं हवं. मुलाच्या अंगात एक बंडी, आणि तिला जोडलेले पट्टे चालवणाऱ्याच्या दोन्ही खांद्यांतून घातलेले. हा पट्टा हलका, कमीजास्त करता येणारा, पावसात न बिघडणारा आणि 30 किलो वजन पेलणारा असावा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. आणि अशी गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. मूल चार वर्षांचं झालं की मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम लागतं. म्हणजे मोठ्या माणसाला जशी हेल्मेटची सक्ती, तशी त्याला.

नियम वाईट नाही. तो अर्धवट आहे, आणि जेवढा आहे तेवढाही आमच्यापर्यंत पोचलेला नाही. माझ्या तक्रारी आता एकेक मांडते.

पहिली तक्रार सांगण्याविषयी. वाहन परवान्याला गेलेल्या माणसाला खुणा विचारतात, कुठल्या बाजूने ओलांडायचं ते विचारतात. मागे दोन वर्षांचं मूल असेल तर काय करायचं, हे मी ओळखीच्या ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणालाही परवाना घेताना कळलं नव्हतं. गाडी विकत घेताना दुकानदार हेल्मेट देतो, कारण तसा नियम आहे. ते मोठ्या माणसाचं. घरात लहान मूल आहे का, असं शोरूममध्ये कुणी विचारत नाही. आणि जिथे सांगणं सगळ्यांत सोपं आहे तिथे तर कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. बाळ नऊ महिन्यांचं झालं की प्रत्येक आई त्याला गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात नेते. हेल्मेटचा नियमही नेमका नऊ महिन्यांपासून सुरू होतो. लस टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेव्हा परिचारिका ताप आला तर काय करायचं ते सांगते. त्याच अर्ध्या तासात एक कागद हातात देता आला असता. बहुतेक आया त्या केंद्रावर आलेल्या असतात त्याही दुचाकीवरूनच, बाळ मांडीवर घेऊन.

(तसं पाहिलं तर नऊ महिने हे वयदेखील मला लहानच वाटतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना एक वर्षाखालच्या बाळाला सायकलच्या सीटवरही बसवू नका म्हणते. त्या वयात मान डोक्याचं वजन धक्क्यात सांभाळू शकत नाही, मग वर हेल्मेटचं वजन कसं सांभाळणार.)

दुसरी तक्रार वस्तूंविषयी, आणि ही सर्वांत मोठी. सांगितलं, पटलं, तरी आणायचं कुठून? असा पट्टा मी वाळपईच्या, साखळीच्या आणि म्हापशाच्या दुकानांत विचारून आले. दुकानदार लोखंडी खुर्ची दाखवतात, स्कूटरवर पुढे पायांच्या जागेत बसवायची. मूल त्यात छान बसतं, त्याला सगळं दिसतं, आईलाही ते दिसतं. पण नियमात त्या खुर्चीचं नावही नाही. हेल्मेटचं तेच. लहान मापाची म्हणून जी मिळतात ती शाळकरी मुलाच्या मापाची. साडेतीन वर्षांच्या मुलाने मान हलवली की आतलं डोकं एका दिशेला आणि हेल्मेट दुसऱ्या. इंटरनेटवर मिळतं, हे मला कुणी सांगू नये. मुलाच्या डोक्याला घालून बघितल्याशिवाय हेल्मेट घेणं म्हणजे पैसे घालवणं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे मला आपलं विशेष लक्ष वेधायचं आहे. नियम म्हणतो की भारतीय मानक ब्यूरो लहान मुलांच्या हेल्मेटचं मानक ठरवेपर्यंत सायकलचं हेल्मेटही चालेल, मात्र ते ठराविक अमेरिकी किंवा युरोपीय मानकाचं असावं. त्यातलं ईएन 1078 हे युरोपीय मानक घ्या. त्यात हेल्मेट सपाट पृष्ठावर आपटून तपासतात तो वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या जरा आत आहे. म्हणजे ताशी 20 किलोमीटरही पुरते नाहीत. आणि गाडी न्यायला परवानगी 40 ची. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी 40 ने आदळणं म्हणजे साधारण सहा मीटरांवरून, दुमजली घराच्या कौलांवरून, खाली पडणं. नववीच्या विज्ञानातलं सूत्र वापरून कुणीही ताडून पाहावं. पडताना डोकं प्रत्येक वेळी त्याच वेगाने जमिनीवर येत नाही हे मलाही कळतं, आणि सायकलचं हेल्मेट उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं हेही कळतं. पण मग आईबापांना निदान एवढं तरी सांगा की हे हेल्मेट घातलंय म्हणून 40 ने जाऊ नका. 25 ने जा.

तिसरी तक्रार मूल कुठे बसवायचं याची. नियम मागे बसलेल्या मुलाचा विचार करतो. सारा गोवा मुलाला पुढे उभं करतो. याला आळस किंवा बेफिकिरी म्हणणाऱ्यांनी एकदा सत्तरीतल्या आईशी बोलावं. ती सांगते, "बाई, पुढे असला की माझ्या दोन हातांत असतो. मागे बसवला तर झोपला की पडला हे मला कळणारसुद्धा नाही." तिचं म्हणणं खोटं नाही. मुलं गाडीवर झोपतात. दुपारी बालवाडी सुटली, वारा लागला, की होंड्याच्या वळणापर्यंत मान टाकतात. म्हणून काही जणी ओढणीने मुलाला कमरेशी बांधतात. ओढणीचं एक टोक सुटून चाकात गेलं तर काय, हा विचार कुणालाही नकोसा होतो.

पण पुढे उभं राहण्यातला धोकाही कुणी सांगत नाही. जोरात ब्रेक लागला तर मुलाचं तोंड थेट आरशावर किंवा हँडलवर जातं, आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याच्यावर येतं. गियर नसलेल्या स्कूटरवर तर दुसरीच भीती. आई दुकानापाशी थांबते, इंजिन चालूच असतं, ती एक पाय टेकून पैसे काढते, आणि पुढचं मूल खेळता खेळता उजवी मूठ पिळतं. गाडी झेप घेते. गावागावांत असे प्रसंग घडलेले आहेत, लोक ते हसत सांगतात कारण त्या वेळी भिंत आडवी आली. मागे बसवलं तर झोपेची भीती, पुढे ठेवलं तर मुठीची. पट्टा हा या पेचातून निघायचा मार्ग आहे, कारण मागे बांधलेलं मूल झोपलं तरी पडत नाही. हे एवढं वाक्य आईला पटवून द्यायला खात्याचा एक माणूस लागतो, आणि तो आजवर आमच्या वाड्यावर आलेला नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. कायद्याचं 128 वं कलम सांगतं की दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस. म्हणजे नवरा, बायको आणि मधे मूल हे तिघं कायद्याने बसूच शकत नाहीत. मूल मध्ये दाबून धरलेलं, पुढे बाप मागे आई, ही आमच्याकडे सर्वांत सुरक्षित बैठक मानली जाते. केरळात 2023 मध्ये हाच प्रश्न आला होता. मुलाला तिसरं माणूस धरू नये अशी मागणी झाली आणि केंद्राने नाही म्हटलं. गणेश चवथीच्या बाजाराला म्हापशाला निघालेलं प्रत्येक तिघांचं कुटुंब गुन्हेगार आहे की नाही, याचं उत्तर आपण एकदा स्पष्ट द्या. पोलिसाने डोळेझाक करायची आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीने बोट दाखवायचं, ही व्यवस्था कुणाच्याच हिताची नाही.

पाचवी तक्रार चौथ्या वाढदिवसाची. साडेतीन वर्षांच्या माझ्या नातीला पट्टा सक्तीचा, वेगाला मर्यादा. ती चार वर्षांची झाली, केक कापला, की दुसऱ्या दिवशी पट्टा नाही, 40 ची मर्यादा नाही. कायद्याच्या दृष्टीने ती आणि मी सारख्याच. चार वर्षांचं मूल म्हणजे साधारण एक मीटर उंचीचं, 16 किलोच्या आसपास वजनाचं. त्याचे पाय मागच्या पायटेकणीपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबकळत असतात, आणि लोंबकळता पाय सायलेन्सरला लागतो. पोटरीवर सायलेन्सरचा डाग असलेली मुलं मी वर्गात इतकी पाहिली की पालकांना त्याबद्दल विचारणंही सोडून दिलं होतं.

बाहेरच्या देशांत काय करतात तेही शोधलं. इटलीत पाच वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताच येत नाही. स्पेनमध्ये बारा वर्षं हवीत, आईबाप किंवा पालक चालवत असतील तर सात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला मागे बसवायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये वयाची अट नाही, पण मागे बसणाऱ्याने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि पाय पायटेकणीवर ठेवायचे. हे नियम उचलून इथे लावा असं मी म्हणणार नाही. तिथे दुचाकी बहुधा हौसेची असते. आमच्याकडे दूध, दवाखाना, रेशन, जत्रा, शाळा सगळं तिच्यावर. आठ वर्षांची अट इथे घातली तर सत्तरीतली निम्मी मुलं तिसरीपर्यंत शाळेत पोचायची नाहीत. पण ब्रिटनची पद्धत मला शिक्षिका म्हणून पटते, कारण ती मुलाकडे बघायला लावते.

सुनेला उत्तर द्यायचंच होतं, म्हणून मी माझ्यापुरती एक तपासणी ठरवली. सरकारी कागद निघेपर्यंत कुणाला उपयोग झाला तर व्हावा. गाडी डबल स्टँडवर लावायची, इंजिन बंद, किल्ली काढलेली. मुलाला हेल्मेट घालून मागे बसवायचं. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर त्यात एक-दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहू नये, आणि मुलाने जोराने मान हलवली तरी हेल्मेट डोळ्यांवर येऊ नये. पाय टेकतात का बघायचं, बोटं नव्हे, तळवे. मग पुढे आपण बसायचं, त्याला कमरेला धरायला सांगायचं आणि गोष्ट सुरू करायची. चांगली रंगणारी, कोल्ह्याची, मगरीची, कसलीही. गोष्ट रंगात आली की मूल हात सोडतं, टाळी वाजवतं, बोट दाखवतं. जे मूल दहा मिनिटांच्या गोष्टीत दोन्ही हात सोडत नाही, किंवा सोडले तर एकदा सांगितल्यावर परत धरतं, ते हातांनी तयार आहे. जे तीनदा सोडतं ते नाही, मग वय सहा असो. मध्येच "उतर" म्हटलं की सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने उतरतं का, तेही बघायचं. आणि दप्तर पाठीवर ठेवू नये. ते मुलाला मागे खेचतं. दप्तर पुढे हुकाला.

साडेतीन वर्षांची माझी नात यात नापास झाली. मगर नदीतून वर येण्याच्या आधीच तिने हात सोडले. म्हणजे तिला पट्टा हवा, आणि पट्टा कुठे मिळत नाही हे वर लिहिलं आहे.

एवढी तपासणी करून मूल तयार नाही असं कळलं तरी आईबापांनी करायचं काय? आमच्या वाड्यावरून सकाळची बस जाते ती बालवाडी उघडायच्या फार आधी, आणि पुढची येते ती बालवाडीची प्रार्थना झाल्यावर. सरकारने अनुदानित शाळांना बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, दिले, ती चांगली योजना आहे, पण आमच्याकडच्या बालवाडीच्या पोरांना तिचा उपयोग नाही. पटसंख्या कमी म्हणून वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळा एकेक करून बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत मिळवल्या. प्राथमिक शाळा चालत जाता येईल अशा एक किलोमीटरच्या आत असावी असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात. शाळा गेली की ते अंतर मूल चालत नाही, स्कूटर चालते. मूल दुचाकीला तयार आहे का हा प्रश्न आम्हाला कुणी विचारू देत नाही, संचालकसाहेब. बसचं वेळापत्रक तो परस्पर सोडवून टाकतं. बस नाही म्हणजे मूल तयार आहे. गोव्यातल्या बहुतेक घरांत हा निर्णय असाच होतो, आणि म्हणून निव्वळ आईबापांवर तालांव काढून हा विषय संपणार नाही.

पुढचंही तिथेच ठरतं. पुढे उभ्या राहिलेल्या तीन वर्षांच्या मुलाचे हात बाप कौतुकाने हँडलवर ठेवतो. आठव्या वर्षी शेतातल्या वाटेवर त्याला मूठ पिळू देतो. चौदाव्या वर्षी तो एकटा पाव आणायला जातो आणि घरची माणसं म्हणतात, आमचा शाणा झाला. कायद्याने 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला सोळा वर्षं आणि बाकी दुचाकींना अठरा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे सगळं उच्च माध्यमिकच्या फाटकापाशी फलकावर लावतात. तोवर त्याला अकरा-बारा वर्षं सराव झालेला असतो.

गोव्यात रस्त्यांवर वर्षाला अडीचशेच्या आसपास माणसं जातात, कधी त्याहून जास्त, आणि त्यांत सर्वाधिक दुचाकीवरची. आपल्याला हे मी सांगायला नको, आकडे आपल्याच टेबलावर येतात.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे.

नियमाचा मराठी आणि कोंकणी मजकूर एका पानावर छापा, चित्रांसह, आणि तो नऊ महिन्यांच्या लसीच्या वेळी आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत नाव घालताना आणि शिकाऊ परवाना देताना हातात द्या. पानावर वयाबरोबर मूल कसं तपासायचं तेही लिहा: हेल्मेट, पाय, हात, झोप. वयाचा आकडा सगळ्यांना कळतो, त्यापुढचं सांगावं लागतं.

पट्टे आणि लहान मापाची प्रमाणित हेल्मेटं राज्यात मिळतील अशी व्यवस्था करा. दुचाकी विक्रेत्यांची बैठक बोलवा आणि प्रत्येक शोरूमने ती ठेवावीत असं सांगा. मुलाचं डोकं वाढतं, एक हेल्मेट फार काळ पुरत नाही, म्हणून आरोग्य केंद्रात किंवा पंचायतीत ती अनामत घेऊन वापरायला देता येतील का ते पाहा. वापरून परत आलेलं हेल्मेट मात्र नीट तपासूनच पुढे द्यावं; एकदा आपटलेलं देऊ नये. गणवेश आणि वह्या सरकार देतं, तर हेही अशक्य नाही.

वेगाचं आपल्या हातात आहे. कायद्याचं 112 वं कलम राज्याला ठराविक भागात वेगमर्यादा कमी करायचा अधिकार देतं. अंगणवाड्या आणि प्राथमिक शाळांच्या आसपास ती ताशी 30 वर आणा आणि फलक लावा.

तिघांच्या बैठकीबद्दल आणि पुढच्या लोखंडी खुर्चीबद्दल खात्याची भूमिका लेखी जाहीर करा. बेकायदा असेल तर बेकायदा म्हणा, दुकानांत विकू देऊ नका. भारतीय मानक ब्यूरोकडे लहान मुलांच्या हेल्मेटचं मानक लवकर ठरवण्यासाठी आणि केंद्राकडे चार वर्षांपुढच्या मुलांसाठीही पट्ट्याची तरतूद करण्यासाठी राज्यातर्फे पत्र लिहा. ते पत्र लोकांना वाचायला मिळावं.

पोलिसांनी सुरुवातीला तालांव देऊ नये. मूल पुढे उभं दिसलं तर गाडी थांबवावी, कागद द्यावा, समजावून सांगावं. वस्तू बाजारात आल्यावर दंड करा, आमची हरकत नाही. आणि पोलिसाने स्वतःच्या मुलाला शाळेत सोडताना तेवढं पाळावं. लोक त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या स्कूटरकडे जास्त बघतात.

पायलटांना, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्यांना, विसरू नका. बाळ मांडीवर घेतलेली बाई पायलटला हात करते तेव्हा तो नाही म्हणू शकत नाही, त्याचं पोट आहे आणि तिला दवाखाना गाठायचा असतो. परवाना नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक पायलटला एक पट्टा आणि एक लहान हेल्मेट खात्याने द्यावं.

शेवटची मागणी आपल्या एकट्याच्या हातातली नाही, पण ती आपणच मांडायला हवी. बालवाडी आणि प्राथमिक शाळेच्या वेळा घेऊन कदंब या सरकारी बससेवेच्या अधिकाऱ्यांबरोबर बसा आणि सत्तरी, डिचोली, पेडणे, धारबांदोडा इथल्या सकाळच्या फेऱ्या त्याप्रमाणे लावा. जिथे शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठवलं आहे तिथे बालरथ आधी द्या, आणि अंगणवाडीच्या मुलांना त्यात मदतनीस बाईसह जागा द्या.

बालवाडी जूनमध्ये सुरू होते. तोवर निदान पहिल्या दोन मागण्यांबाबत खातं काय करणार आहे, हे आपण वर्तमानपत्रांतून जाहीर करावं अशी विनंती आहे. पट्टा मिळेपर्यंत माझी नात रिक्षाने जाईल. ते आम्हाला महाग पडेल, पण परवडवता येईल. शेजारच्या घराला परवडणार नाही, त्यांचा मुलगा तीन वर्षांचा आहे.

कळावे,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सत्तरी

प्रत माहितीसाठी: शिक्षण संचालक, आरोग्य सेवा संचालक, महिला व बाल विकास संचालक, कदंब वाहतूक महामंडळ.